पर्च्यावरचं नाव

ग्वाल्हेरच्या एका सरकारी रुग्णालयात, मनाच्या आजारांच्या विभागाच्या खिडकीत, मी सव्वीस वर्षं बसले आहे. काम तसं सोपं. समोर येईल त्याला नाव, वय, पत्ता विचारायचा आणि पर्चा करून द्यायचा. केसपेपरला आमच्याकडे पर्चा म्हणतात. जुना रुग्ण असेल तर पाठीमागच्या कपाटातून त्याची फाइल काढून आत डॉक्टरांकडे पाठवायची. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. माणूस पोटाचं दुखणं खरं सांगतो, दाताचं सांगतो, मूळव्याधीचंसुद्धा मान खाली घालून का होईना सांगतो. मनाचं दुखणं घेऊन आला की आधी नाव खोटं सांगतो.

आणि त्यात आपले मराठी लोक सगळ्यांत पुढे. आम्ही इथे कित्येक पिढ्या राहतो. कुणाचे पूर्वज दरबारात कारभारी, कुणाचे पुरोहित, कुणाचे फौजेत. आता सगळे बँकेत, शाळेत, वकिलीत. माणसं मोजकी, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाची आत्या माहीत. गणपतीच्या आरतीला उभं राहिलं की मागून कुणीतरी हळूच सांगतं, ‘ही त्यांची धाकटी, हिचं जमता जमता मोडलं.’ अशा गावात आमच्या खिडकीशी मराठी आडनाव लिहून घ्यायचं म्हणजे टोपी बाजारात दवंडी पिटण्यासारखं. म्हणून मंडळी हिंदी आडनाव सांगायची. घारे डोळे, सरळ नाक, चेहऱ्यावर चार पिढ्यांचा वरणभात, आणि आडनाव सांगायचं चंबळकाठच्या ठाकुरांचं. मी मुकाट्यानं लिहायची. पर्चा हातात पडायच्या आत तीच बाई मागे वळून नवऱ्याला म्हणायची, ‘अहो, पाण्याची बाटली कुठे ठेवली?’

मला हसू यायचं. हसायचा मला काही अधिकार नव्हता, हे आत्ताच सांगून टाकते. कारण त्या कपाटातली एक खोटी फाइल माझ्या स्वतःच्या अक्षरात होती. माझ्या धाकट्या बहिणीची.

ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले. दाना ओली नावाच्या गल्लीत एका धान्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आई, मी आणि ती अशा तिघी राहायचो. मी लग्न केलं नाही, का ते या गोष्टीत नाही. ती शाळेत शिकवत होती. सव्विसाव्या वर्षी तिची झोप उडाली. चार-चार दिवस डोळ्याला डोळा नाही, बोलणं थांबत नाही, आणि एका दुपारी ती अख्खा वर्ग घेऊन चालत किल्ल्यावर निघाली. मुली खूश होत्या, मुख्याध्यापिका नव्हत्या. त्यानंतर तीन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. आई म्हणाली दृष्ट लागली. मी म्हटलं रक्त कमी असेल. रोज असल्याच आजारांचे पर्चे करणारी मी, आणि आजार घरात येऊन बसला तर मला ओळखता आला नाही.

शेवटी पर्चा मीच केला. तेव्हा तिला स्थळं येत होती, आणि माझ्या डोक्यात तेवढंच होतं. पहिलं नाव टीव्हीवरच्या मालिकेत असतं तसलं घातलं. आडनाव आमच्या समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याचं. आईला बजावलं, ‘डॉक्टरांनी विचारलं तर हेच नाव सांगायचं, काही झालं तरी बदलायचं नाही.’ तिलाही बजावलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती त्या दिवसांत सगळ्यांकडेच तशी बघायची, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

दवाखान्यात आपण एकमेकींना ओळखायचं नाही, हेही मीच ठरवलं. महिन्यातून एकदा ती आणि आई माणसं भरून नेणाऱ्या वेगळ्या टेम्पोनं यायच्या आणि रांगेत उभ्या राहायच्या. ती खिडकीशी आली की मी विचारायची, ‘नाम?’ ती ते नाव सांगायची. ‘उम्र?’ तेही सांगायची. मी फाइल काढून आत पाठवायची आणि पुढच्याला हाक मारायची. संध्याकाळी घरी तिच्याच ताटात भात वाढायची. पुढे आई गेली, तेव्हापासून ती एकटी यायला लागली. पंधरा वर्षं हे असं चाललं आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट मनातून थोडा ताठाच होता, की बघा, कुणाला पत्ता लागू दिला नाही. स्थळं यायची तरीही थांबली ती थांबलीच.

आता विभागाबद्दल सांगते. आमचा विभाग पूर्वी इमारतीच्या मागच्या अंगाला होता. फाटक वेगळं, खिडक्यांना गज. समोरच्या चहावाल्यालासुद्धा सवय होती, तिथून बाहेर पडणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, नुसता पेला पुढे करायचा. मग मनाच्या आजारांचा नवा कायदा आला, वरून कागद आले, आणि एक दिवस आम्हाला उचलून मुख्य इमारतीत आणून बसवलं. डावीकडे डोळ्यांचा विभाग, उजवीकडे दातांचा, मधे आम्ही. रांग तिन्हींची एकच. मी इतकी चिडले होते की दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. म्हटलं, कागद काढणाऱ्यांना काय जातंय, एवढ्या लोकांसमोर इथे कोण मरायला येणार?

पण लोक आले, आणि पूर्वीपेक्षा जास्त आले. पहिल्याच महिन्यात साठीचे एक गृहस्थ तिन्ही विभागांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात मला म्हणाले, ‘दाँत का नहीं बहनजी, मन का बनाइए.’ मी घाबरून रांगेकडे बघितलं. एकानंही वळून पाहिलं नव्हतं. दातवाल्यांना आपल्या दाताची पडली होती. माझं पेन हातातच राहिलं. इतकी वर्षं आम्ही कुणाच्या भीतीनं गजांमागे बसलो होतो, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

नव्या डॉक्टरीणबाई तरुण, भोपाळकडच्या. त्या गुरुवारी तरुण मुलामुलींना एकत्र बसवतात. खोलीचं दार उघडं असतं आणि माझा कान काही बंद नाही. ही मुलं-मुली मोबाइलवरच्या ओळखींचं दुःख घेऊन येतात. सुरुवातीला मला वाटायचं, हा काय आजार झाला? एक मुलगी सांगत होती, ‘उसने मैसेज देख लिया, जवाब नहीं दिया, चार दिन से मैंने खाना नहीं खाया.’ डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या समजावून सांगायला लागल्या. उत्तर कधीच येणार नसतं तर माणूस नाद सोडतो. दर वेळी येत असतं तर त्याचं काही वाटत नाही. कधी येतं, कधी येत नाही, म्हणून बोट काचेवरून हटत नाही. मग म्हणाल्या, तिथे प्रत्येक जण आपल्या दुकानाची पाटी रंगवून लावतो. समोरच्याला पाटी आवडते, आणि आत बसलेल्याला रोज धास्ती, की आता हा आत आला तर? मी पर्चे लिहायचं थांबवून ऐकत होते. त्या मुलांचं मला भलतंच नवल वाटलं. रडत होती, पण खऱ्या नावानं रडत होती. एकानंही माझ्या खिडकीत खोटं आडनाव सांगितलं नव्हतं.

आणि मग मागच्या हिवाळ्यात कळलं की माझ्या घरातही तेच चाललं आहे.

रविवार होता. ती मेथी निवडत होती आणि मोबाइल बघून हसली. एकेचाळीस वर्षांची बाई मेथीच्या ढिगाशी बसून अशी हसली की मी गॅस बंद केला.

‘कोण आहे?’ मी विचारलं.

‘झाशीचे आहेत. शाळेत भूगोल शिकवतात. ॲपवर ओळख झाली, आठ महिने झाले.’

‘मराठी?’

‘हो. घरात मराठी, बाहेर हिंदी. आपल्यासारखंच.’

‘कुणाचे कोण?’

‘ते अजून विचारलंच नाही गं.’

मी उसळले. आमच्याकडे माणसाचं नाव विचारायच्या आधी तो कुणाचा कोण हे विचारतात. आठ महिने हिचं बोलणं चालू होतं आणि हिला त्याच्या मामाचं गाव माहीत नव्हतं! मी वाट्टेल ते बोलले. असल्या ॲपवर कसली माणसं असतात, फोटो कुणाचे असतात, गुरुवारी ऐकलेलं सगळं तिला ऐकवलं. ती पानं खुडत राहिली. शेवटी मला खरं विचारायचं होतं ते विचारलं, ‘त्याला माहीत आहे?’

‘तिसऱ्या दिवशी सांगितलं.’

माझा विश्वास बसेना. तिनं मोबाइल उघडून आठ महिने मागे नेला आणि माझ्या हातात दिला. तिनं लिहिलं होतं, ‘मला बऱ्याच वर्षांपासून मनाचा आजार आहे. रोज गोळी घेते. बहुतेक वेळा बरी असते, कधी कधी नसते.’ बस. जे मी कपाटात, खोट्या आडनावात, गिरणीवाल्याच्या पिठात लपवून ठेवलं होतं, ते तिनं तीन ओळींत लिहून पाठवून दिलं होतं. आणि खाली तिचं खरं नाव होतं.

‘मग तो काय म्हणाला?’

‘दोन दिवस काहीच नाही. ते दोन दिवस वाईट गेले, ताई. मला लागलं, झालं.’ घरी बोलताना आम्ही ‘मला वाटलं’ म्हणत नाही, ‘मला लागलं’ म्हणतो. पुण्याचे पाहुणे यावरून आम्हाला चिडवतात. ‘मग हे आलं,’ ती म्हणाली.

त्याचं उत्तर असं होतं: ‘गोळी जेवणाच्या आधी की नंतर? कधी भेटलो तर जेवायची वेळ तशी ठेवू.’

मी ते दोनदा वाचलं. एवढ्या वर्षांत खिडकीशी किती नातेवाईक आले, किती डॉक्टर आले आणि गेले, पण हा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मीसुद्धा तिला कधी विचारला नव्हता. ती गोळी कधी घेते हे मला त्या रविवारी माहीत झालं. रात्री, जेवणानंतर.

उन्हाळा लागता लागता त्यानं भेटायला येतो म्हणून कळवलं. मी लगेच कामाला लागले, कोणती साडी, कुठे बसायचं, काय बोलायचं. ती म्हणाली, ‘मला आधी माझी फाइल पाहिजे.’

‘कशाला?’

‘त्यांना वाचायला द्यायची आहे.’

‘त्यानं मागितली?’

‘नाही. ते काहीच मागत नाहीत. पण इतके महिने मी त्यांना तेच लिहिलं जे मला लिहावंसं वाटलं. वाईट लिहिलं तेसुद्धा चांगल्या शब्दांत. मोबाइलवर माणूस आपला आपण सजतो. त्या फाइलमध्ये मी जशी होते तशी आहे. ती वाचून बसले तर बसले. नाही बसले तर झाशी काही लांब नाही, परत जातील.’

मी तिला हरप्रकारे समजावलं. म्हटलं, हातातोंडाशी आलेला घास आहे, पुढे कधीतरी दे, लग्नानंतर दे. ती ऐकेना. नव्या कायद्यानं रुग्णाला आपले कागद मागता येतात, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिनं अर्ज लिहिला, स्वतःच्या खऱ्या नावानं, आणि सोमवारी रांगेत येऊन उभी राहिली. आमच्याकडे आता नावं कॉम्प्युटरवर चढवलेली, आणि कागद हवे तर ओळखपत्र लागतं. मी तिचं खरं नाव घातलं. कॉम्प्युटर म्हणाला, अशी कुणी रुग्ण नाही. तिला ते ठाऊकच होतं. ती काचेपलीकडे शांत उभी होती आणि मी इकडे घामाघूम.

त्या दुपारी मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं, नोकरी जाईल अशी मनाची तयारी करून गेले होते. त्यांनी विचारलं, ‘ऐसी और कितनी फाइलें होंगी?’

‘मोजल्या नाहीत,’ मी म्हटलं, घाईत मराठीतच. त्यांना कळलं.

माझ्याकडून लेखी खुलासा घेतला गेला, तो वर गेला, आणि समज देऊन प्रकरण मिटलं. पण त्यांनी आणखी एक केलं. माझ्या खिडकीवर एक कागद चिकटवला: नाव दुरुस्त करायचं असेल तर सांगा, कारण विचारलं जाणार नाही. मला वाटलं, हा कागद असाच पिवळा पडेल. पहिल्याच आठवड्यात घाऱ्या डोळ्यांच्या एक बाई आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि मला मराठीत म्हणाल्या, ‘आमचं जरा बदलायचं होतं.’ त्यांच्यानंतर आणखी आले. बारा वर्षं ठाकूर असलेला एक माणूस एका मिनिटात देशस्थ झाला आणि रुमालानं तोंड पुसत रांगेमागून निघून गेला. मी प्रत्येक वेळी थक्क व्हायची. एवढं सोपं होतं तर मग इतकी वर्षं आम्ही काय करत होतो?

बहिणीच्या फाइलला जोडायला शपथपत्र लागलं, की ही दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत. ते घेऊन ती परत खिडकीशी आली. सवयीनं माझ्या तोंडून ‘नाम’ निघणार होतं, ते गिळून मी म्हटलं, ‘नाव?’ तिनं सांगितलं. बारशाला ठेवलेलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मला ते टाइप करायला इतका वेळ लागला की मागचा माणूस म्हणाला, ‘मैडम, सर्वर डाउन है क्या?’

तिची झेरॉक्स बहिणीला मिळाली, फाइल चांगली जाडजूड होती. मी ती पंधरा वर्षं, महिन्यातून एकदा, कपाटातून काढत आणि ठेवत आले होते. एकदाही उघडली नव्हती. फाइल वाचायची नाही हा आमच्या कामाचा नियम आहे, आणि मी नियमाची पक्की. खरं कारण ते नाही. मला भीती वाटायची.

तो झाशीचा मास्तर शनिवारी सकाळच्या गाडीनं आला. आम्ही पडाव भागात, स्टेशनजवळच्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावर बसलो होतो. ‘मुलीबरोबर घरचं कुणीतरी लागतंच’ म्हणून मी बरोबर गेले होते आणि तिनं ते हसून चालवून घेतलं. तो जिना चढून आला. फोटोतले अर्धे केस झाशीतच राहिले होते. त्यानं बसायच्या आधी तेच सांगितलं. ‘फोटो जुना आहे, दहा वर्षांपूर्वीचा. लावताना लाज वाटली, पण काढताना जास्त वाटली असती.’ मला नमस्कार केला, ताई म्हणाला. मी मनात त्याला जितकी नावं ठेवून आले होते त्यातलं एकही चिकटेना.

पोहे आले. तिनं फाइल टेबलावर ठेवली. ‘ही माझी आहे. वाचायची असेल तर वाचा.’

मला वाटलं, तो म्हणेल, याची काय गरज आहे. चांगली माणसं असंच म्हणतात, आणि मी मनातून तेच मागत होते. त्यानं ताटली बाजूला सारली, हात पुसले, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, मास्तर पेपर तपासतात तसा तो वाचायला लागला. डॉक्टरांचं इंग्रजी, तिरकं अक्षर. जिथे अडे तिथे तिला विचारायचा. ‘हे काय लिहिलंय?’ ती वाकून सांगायची. ‘हा दिवस आठवतो?’ ती म्हणायची, आठवतो, किंवा नाही. किल्ल्याचा दिवस आला. त्यानं विचारलं, ‘वरपर्यंत पोचलात?’ ती म्हणाली, ‘किल्ल्याच्या उरवाई दरवाज्यापर्यंत.’ तो म्हणाला, ‘तिथली चढण भूगोलाच्या मास्तरला जमत नाही.’ दोघं हसली. मी त्या दिवसाच्या नावानं पंधरा वर्षं रडत आले होते, आणि इथे ही दोघं त्यावर हसत होती! मला राग यायला हवा होता. आला नाही. मी नुसती बघत राहिले. असं कुणी कुणाला वाचतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

पोहे गार झाले. तिसऱ्या महिन्याच्या पानावर त्याचं बोट थांबलं. त्यानं ओळ पुन्हा वाचली, मग आमच्यासाठी हळूहळू मराठीत केली.

‘रुग्ण म्हणते, पर्च्यावरचं नाव माझं नाही. माझं नाव दुसरंच आहे, घरच्यांनी बदललं आहे. तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच सांगते. आईला विचारलं, आई म्हणते, पर्च्यावरचं नाव बरोबर आहे.’ तो थांबला. ‘स्वतःच्या ओळखीबद्दल भ्रम. गोळी वाढवली.’

त्यानं पान उलटलं. ‘चौथा महिना. भ्रम कायम. आणखी वाढवली.’

मला ते दोन महिने आठवले. ती दिवसाला सोळा-सोळा तास झोपायची. तोंडातून लाळ गळायची, हात एवढे कापायचे की खडू धरता येईना. त्याच महिन्यांत, रजा संपूनही जाता आलं नाही म्हणून, तिची शाळा सुटली. मी शेजारणीला सांगितलं होतं, दुखणं वाढलंय.

‘मग?’ त्यानं तिला विचारलं.

‘मग पुढच्या वेळी मी ते नाव माझंच आहे असं सांगितलं,’ ती म्हणाली. आवाज अगदी साधा. ‘पुढे वाचा, असेल तिथे.’

होतं. ‘पाचवा महिना. नाव बरोबर सांगते. सुधारणा. गोळी कमी केली.’

त्या डॉक्टरांना मी काय दोष देणार? त्यांनी आईला विचारलं होतं. आईनं मी पढवलेलं सांगितलं होतं. माझी बहीण त्या खोलीत एकटी खरं बोलत होती, आणि तिचं खरं बोलणं हाच तिचा आजार ठरला, कारण बाहेर खिडकीत मी बसले होते.

त्यानं घड्याळ पाहिलं. त्याच्या परतीच्या गाडीची वेळ झाली होती. आता हा उठणार. तो उठला. म्हणाला, ‘अजून निम्मी आहे. ही गाडी सोडतो, संध्याकाळचं तिकीट बघून येतो. पान असंच उघडं राहू द्या.’ फाइल तिथेच ठेवून, चष्माही तिथेच ठेवून, तो जिना उतरला. खिडकीतून तो स्टेशनचा रस्ता ओलांडताना दिसला, टेम्पोवाल्यांना हात दाखवत, घाईघाईनं.

आम्ही दोघीच राहिलो. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. मी म्हटलं, ‘मला का नाही सांगितलंस? संध्याकाळी घरी आपण एकत्रच जेवायचो. एकदा तरी सांगायचंस.’

तिनं माझ्या पुढ्यातली गार झालेली ताटली आपल्याकडे ओढली आणि एक घास खाल्ला.

‘सांगणार होते, ताई. ज्या दिवशी डॉक्टर सुधारणा आहे म्हणाले ना, त्याच दिवशी सांगणार होते. पण तू पेढे घेऊन आलीस. एक आईच्या तोंडात घातलास, एक माझ्या तोंडात घातलास. तू इतकी खूश होतीस. मला लागलं, राहू दे आता तेच नाव.’